वाचकांचे प्रश्न : गवत, ढोबळी मिरची आणि रविवारचा वजनकाटा

गेल्या अंकात गिनीपिगबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग झाला. इतक्या घरांत हे प्राणी आहेत याचा आनंद झाला, आणि बरीच पत्रं वाचून जीवही कळवळला. सोळा वर्षं माझ्या घरात गिनीपिग आहेत. आजवर अकरा झाले, आत्ता चार आहेत. मी डॉक्टर नाही. जे सांगते ते रोज हाताळून आणि चांगल्या पशुवैद्यांच्या टेबलाशी उभं राहून शिकलेलं आहे. निवडक पत्रं घेते. काही थोडक्यात आटपते, एकाला मात्र बराच वेळ देणार आहे.

ताई, आठ वर्षांच्या लेकीच्या हट्टापायी तीन महिन्यांपूर्वी एक गिनीपिग आणला. नाव तिळ्या. दिवसभर खोक्यात दडून बसतो, हात घातला की मागच्या कोपऱ्यात पळतो. लेक आता हिरमुसली आहे, म्हणते, "मी त्याला आवडतच नाही." सोबतीला ससा आणला तर खुलेल का? — एक आई

ससा आणू नका. आधी तेवढं सांगते, मग बाकीचं. सशाची एक लाथ गिनीपिगची बरगडी मोडू शकते. शिवाय सशाच्या नाकाघशात बोर्डेटेला नावाचे जंतू असू शकतात. सशाला त्यांचा काही त्रास होत नाही, गिनीपिगला मात्र त्यांच्यामुळे जीवघेणा न्यूमोनिया होतो. दोघांचं खाणंही वेगळं. सशाचं शरीर क जीवनसत्त्व स्वतः तयार करतं, गिनीपिगचं करू शकत नाही.

तिळ्याला सोबत हवी आहे, पण ती दुसऱ्या गिनीपिगची. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगांमध्ये माणसाने हा प्राणी हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला. त्याचे रानटी भाऊबंद आजही तिथे कळपाने गवतात हिंडतात. कळपात चाळीस डोळे आणि चाळीस कान पहारा देत असतात, म्हणून एकेकाला निवांत चरता येतं. तिळ्याला पहारा एकट्यालाच द्यायचा आहे, तोही चोवीस तास. मग तो खोक्यातून कशाला बाहेर येईल? स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून नियमच आहे की गिनीपिग एकटा पाळायचा नाही.

तिळ्या नर आहे असं धरून सांगते. खच्ची केलेला नर आणि मादी ही जोडी सगळ्यात सुखाची. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे मात्र नराला मादीपाशी सोडू नका, तोवर पिल्लं होण्याची शक्यता असते. दोन नरही एकत्र राहतात. त्यासाठी जागा ऐसपैस हवी, प्रत्येक वस्तू दोन-दोन हवी आणि आसपास मादी नको. नवा आणाल तो आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, म्हणजे काही आजार सोबत आला असेल तर कळेल. मग दोघांना अशा जागी भेटवा जी दोघांपैकी कुणाचीच नाही. जमिनीवर चादर अंथरायची, मधोमध गवताचा मोठा ढीग घालायचा आणि बाजूला बसून राहायचं. एकमेकांना हुंगतील, पाठीमागे धावतील, मागचा भाग डोलवत गुरगुरतील. हे सगळं चालायचंच. रक्त निघालं किंवा दोघे गोळा होऊन एकमेकांत गुरफटले, तरच सोडवायचं. तेही जाड टॉवेल टाकून, उघड्या हाताने नाही.

आता लेकीबद्दल. वरून येणारा हात गिनीपिगला ससाण्यासारखा वाटतो. तिला सांगा, पिंजऱ्यात हात घालून त्याला पकडायचं नाही. जमिनीवर मांडी घालून बसायचं, कोथिंबिरीची काडी धरायची आणि पुस्तक वाचत राहायचं. पहिल्या दिवशी तो येणार नाही. कदाचित आठवडाभर येणार नाही. ज्या दिवशी काडीचं टोक ओढून परत पळेल, त्या दिवशी निम्मं काम झालं. उचलायचं तेव्हा एक तळवा छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि लगेच पोटाशी घ्यायचं. आठ वर्षांच्या मुलीने बसूनच धरावं. हे प्राणी मांडीवरून उडी मारतात आणि टेबलाच्या उंचीवरून पडले तरी पाय, दात, कधी मणकाही मोडतो.

आणि एक गोष्ट तुमच्यासाठी. हा प्राणी पाच ते आठ वर्षं जगतो. लेक तोवर तेरा ते सोळाची होईल. रोजची जबाबदारी घरातल्या मोठ्या माणसाचीच असते, तिने मदत करायची. हे आधी मान्य केलंत तर तिळ्याचं आणि लेकीचं नातंही सुटसुटीत राहील.

आमचा गिनीपिग फक्त गोळ्यांचं तयार खाद्य खातो. भाजी घातली तर नाक फिरवतो. पाण्यात क जीवनसत्त्वाचे थेंब घालतो, त्यामुळे काळजी नव्हती. पण गेले काही दिवस तो लंगडतोय आणि उचललं की किंचाळतो. पडलेला नाही. काय झालं असेल? — महाविद्यालयीन विद्यार्थी

तुमच्या पत्रात लंगडणं, किंचाळणं आणि पाण्यातले थेंब एकत्र आलेत, म्हणून मला स्कर्व्हीची, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणाऱ्या आजाराची, शंका येते. उद्याच पशुवैद्यांकडे न्या आणि खाण्याचा सगळा तपशील त्यांना सांगा. स्कर्व्हीत सांध्यांत आणि हाडांलगत रक्तस्राव होतो, म्हणून हात लावला तरी दुखतं. केस राठ होतात, भूक मंदावते, हिरड्यांतून रक्त येतं. क जीवनसत्त्व पूर्ण तुटलं तर दोन-तीन आठवड्यांत हे दिसू लागतं.

माणसासारखंच गिनीपिगचं आहे. दोघांच्याही शरीराला हे जीवनसत्त्व बनवता येत नाही. या एका साम्यामुळे या प्राण्याने आपल्यावर मोठे उपकार केलेत. १९०७ मध्ये अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक हे दोन नॉर्वेजियन संशोधक खलाशांच्या एका आजाराचा शोध घेत होते. त्यांनी गिनीपिगना नुसतं धान्य खाऊ घातलं आणि त्यांना चक्क स्कर्व्ही झाला. ताजा पाला दिला की तो टळत होता. त्याआधी हा आजार प्रयोगशाळेत अभ्यासायला प्राणीच सापडला नव्हता. पुढे १९३२ मध्ये आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत क जीवनसत्त्वाची ओळख पटली तीही गिनीपिगवरच्याच प्रयोगांतून, आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. किती गिनीपिग त्यात लंगडत लंगडत गेले असतील. तुमच्या घरातल्या एकावर तरी ती वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पाण्यातले थेंब बंद करा. पाण्यात, उजेडात हे जीवनसत्त्व भराभर नासतं, आणि चव बदलली म्हणून प्राणी पाणीच कमी पितो. गोळीखाद्यातलंही दिवसांगणिक कमी होत जातं. पाकीट किती जुनं आहे ते बघा. छोटं पाकीट घ्या, गार-अंधाऱ्या जागी ठेवा, लवकर संपवा.

निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. १०० ग्रॅम हिरव्या ढोबळी मिरचीत जवळपास ८० मिलिग्रॅम असतं, पिकून लाल झालेलीत त्याहून बरंच जास्त. म्हणजे रोज दोन बोटं रुंदीची एक फोड झाली. तो नाक फिरवतो, कारण लहानपणी त्याने ती पाहिली नसेल. गिनीपिग पिल्लू असताना जे खातो त्यालाच खाणं म्हणतो. फोड अगदी बारीक चिरून त्याच्या आवडत्या गोळ्यांमध्ये मिसळा. दुसरा गिनीपिग समोर बसून खात असेल तर दोन दिवसांत शिकतो. तोवर डॉक्टर देतील ते औषध सिरिंजने थेट तोंडात द्यावं लागेल, अर्थात सुई काढून.

गोळीखाद्य रोज एक-दोन मोठे चमचे पुरे. ताटातला मुख्य पदार्थ वाळलेलं गवत आहे, आणि ते चोवीस तास समोर असायला हवं. याचं कारण पुढच्या उत्तरात येईल.

कालपासून आमची मादी खात नाही. तोंडात पान घेते आणि टाकून देते. हनुवटी ओली असते. सुस्त आहे. घरात आमच्या मुलासाठी आणलेलं अमॉक्सिसिलिन शिल्लक आहे. दोन थेंब दिले तर चालेल का? जवळचे डॉक्टर दोन दिवसांनी भेटतील. — पत्र घाईत लिहीत आहे

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी उत्तर पाठवलं आहे. इथे छापते ते इतर घरांसाठी.

अमॉक्सिसिलिन अजिबात देऊ नका, एक थेंबही नाही. पेनिसिलिनच्या कुळातली तोंडावाटे द्यायची औषधं, शिवाय क्लिंडामायसिन आणि एरिथ्रोमायसिन, गिनीपिगला विष ठरतात. त्याच्या पोटात मोठं आंधळं आतडं असतं आणि तिथले जंतू गवताचा चोथा आंबवून त्याला पोसतात. या औषधांनी ते मरतात, क्लोस्ट्रिडियम नावाचा घातक जंतू माजतो, त्याचं विष रक्तात उतरतं आणि काही दिवसांत प्राणी जातो. त्याला चालणारी प्रतिजैविकं आहेत, पण कुठलं आणि किती ते डॉक्टरनेच ठरवायचं. आणि डॉक्टरही असा हवा ज्याने ससे-गिनीपिग हाताळलेत. फोनवर आधी विचारून घ्या, विचारण्यात कमीपणा नाही.

दोन दिवस थांबणंही चालणार नाही. गिनीपिगचं आतडं म्हणजे सतत फिरणारा रहाट आहे. वरून चारा येत राहिला तरच आतलं पुढे सरकतं. बारा तास काही खाल्लं नाही तर काळजी करायची, चोवीस तास झाले तर जीवावर बेतलेलं असतं. आतडं थंडावतं, वायू धरतो, यकृतात चरबी साठू लागते. त्याला ओकताही येत नाही. तुम्ही "कालपासून" लिहिलंय. जिथे आज डॉक्टर भेटेल तिथे जा, लांब असलं तरी.

आता ओल्या हनुवटीचं. बहुधा दाढा. गिनीपिगचे विसाच्या वीस दात जन्मभर वाढत राहतात. गवत चघळताना दाढा एकमेकांवर आडव्या घासल्या जातात आणि झिजतात. नुसत्या गोळ्या खाल्ल्या तर त्या नुसत्या चुरडायच्या असतात, घासणं होत नाही. मग खालच्या दाढा आत जिभेकडे कलत वाढतात आणि एक दिवस जिभेवर कमान धरतात. जीभ खाली अडकते. प्राण्याला भूक असते. तो ताटाशी धावत येतो, पान उचलतो, दोनदा चावायला बघतो आणि पान गळून पडतं. हे एकदा पाहिलं की विसरता येत नाही. पुढचे पटाशीचे दात आपल्याला दिसतात म्हणून बरेच जण तेवढेच कापून आणतात. दाढा तपासल्याशिवाय समाधान मानू नका.

मी हे कापशीमुळे शिकले. लांब पांढऱ्या केसांची मादी, चार वर्षांची. एका शुक्रवारी संध्याकाळी पाल्याची जुडी सोडली तेव्हा तिघं धावून आली आणि ही मागे राहिली. मला वाटलं, पोट भरलं असेल. शनिवारी तिने काकडीची फोड तोंडात धरली, म्हणून मी निर्धास्त झाले. फोड नंतर गवताखाली तशीच सापडली, कडेला दातांच्या दोन खुणा, बाकी अख्खी. रविवारी काट्यावर ठेवली तर महिन्याभरापूर्वीच्या नोंदीपेक्षा १८० ग्रॅम कमी. त्या महिन्यात प्रवासामुळे मी तीन रविवार वजन केलं नव्हतं. केसांचा एवढा पिसारा, की हात फिरवूनही पाठीची हाडं मला जाणवली नव्हती. सोमवारी भूल देऊन दाढा घासल्या. डॉक्टरांनी सगळं नीट केलं. पण आतडं तोवर थांबलेलं होतं. बुधवारी पहाटे ती माझ्या मांडीवर गेली.

हा प्राणी आजार लपवतो. रानात जो दुबळा दिसतो तो आधी उचलला जातो, म्हणून शेवटचं बळ संपेपर्यंत तो धडधाकट असल्यासारखा बसतो. आपल्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. पण वजन तेवढं त्याला लपवता येत नाही. घरातला साधा डिजिटल काटा, त्यावर एक टोपली, दर रविवारी सकाळी त्याच वेळी, वहीत तारीख आणि ग्रॅम. प्रौढ गिनीपिग साधारण ७०० ते १२०० ग्रॅमचा असतो, पण तुमच्या गिनीपिगचं नेहमीचं वजन किती, तो आकडा महत्त्वाचा. वीस-तीस ग्रॅम इकडेतिकडे होतात. आठवड्यात पन्नास ग्रॅम उतरलं तर मी रोज वजन करते, दाणापाणी आणि लेंड्या बघते. एकदशांश वजन गेलं तर वाट बघत नाही, पिशवी उचलते आणि निघते.

लेंड्यांकडेही बघा. निरोगी लेंडी तपकिरी, सारख्या आकाराची, कोरडी, वाटाण्याच्या शेंगेतल्या कोवळ्या दाण्यापेक्षा थोडी लांबट. बारीक, टोकदार किंवा माळेत ओवल्यासारख्या झाल्या तर खाणं कमी झालंय. सकाळी पिंजरा झाडताना किती निघतात याचा अंदाज आपोआप बसतो. एके दिवशी केरसुणीपुढे मूठभरच जमल्या तर तिथेच थांबा आणि कोण खात नाहीये ते शोधा.

डॉक्टरकडे पोचायला काही तास लागणार असतील तर गोळीखाद्य कोमट पाण्यात भिजवून पातळ पेज करा, सिरिंजने गालाच्या कडेने अर्धा-अर्धा मिलिलिटर सोडा आणि प्रत्येक वेळी तो गिळेपर्यंत थांबा. सरळ घशात मारू नका, फुप्फुसात जातं. पोट ढोलकीसारखं टणक फुगलेलं असेल तर हेही करू नका, थेट निघा.

(या ताईंची मादी वाचली. दाढाच होत्या. परवाच त्यांचं दुसरं पत्र आलं, ती गवत ओढून खाते आहे.)

दोन माद्या म्हणून दोन पिल्लं आणली होती. काल सकाळी पिंजऱ्यात पाच प्राणी! नवी तिन्ही पिल्लं डोळे उघडे ठेवून पळत आहेत. आम्ही गोंधळून गेलो आहोत. — नवखं कुटुंब

घाबरू नका, पण आजच्या आज मोठ्या दोघांना वेगळं करा. त्यातला एक नर आहे. मादी व्याल्यावर काही तासांतच पुन्हा माजावर येते, त्यामुळे कदाचित ती आत्ताच पुन्हा गाभण राहिली असेल. बहात्तर दिवस डोळ्यांत तेल घालून तिच्याकडे बघा.

गिनीपिगचा गर्भ साधारण ५९ ते ७२ दिवस आईच्या पोटात असतो. एवढ्याशा प्राण्याला हे फार दिवस. म्हणूनच पिल्लं अंगभर केस, उघडे डोळे आणि दात घेऊन जन्मतात आणि एक-दोन दिवसांत गवत कुरतडायला लागतात. दूध मात्र तीन आठवडे प्यायला हवं. आई ससेहोलपट झाल्यासारखी दिसते, तिला खाणं भरपूर द्या. एरवी मोठ्यांना न देण्याचं लसूणघास (ल्युसर्न नावाचा चारा) तिला आणि पिल्लांना सध्या चालेल, त्यात कॅल्शियम जास्त असतं. ढोबळी मिरचीची फोडही दुप्पट करा.

तीन आठवडे पूर्ण झाले की नर पिल्लं आईपासून आणि बहिणींपासून काढायची. "इतक्या लहान वयात काय होतंय" म्हणून राहू देऊ नका. माद्या चार-सहा आठवड्यांत वयात येतात आणि नर तर त्याआधीच प्रयत्नाला लागतात. नर-मादी ओळखायला घरी अंदाज लावत बसू नका, तसाच अंदाज तुम्हाला देणाऱ्यानेही लावला होता. डॉक्टरना दाखवा.

"आता झालीच आहेत तर पुढेही होऊ द्यावीत का?" असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. माझं उत्तर नाही. प्रत्येक बाळंतपण मादीसाठी जोखमीचं असतं. पहिलं बाळंतपण सहा-सात महिन्यांच्या वयानंतर आलं तर तिच्या ओटीपोटाचं हाड पुरेसं उघडत नाही, पिल्लू अडकतं, आणि शस्त्रक्रिया झाली तरी आई वाचेलच असं नाही. तिला एकदा सुखरूप सुटलेली पाहिलीत, तेवढं पुरे.

स. न. वि. वि. नात परदेशी शिकायला गेल्यापासून तिची सहा वर्षांची मादी, मिरी, मी सांभाळतो. हल्ली तिच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ होत आहेत. खाज नाही. खाते-पिते. वयामुळे असेल असं घरचे म्हणतात. — एक आजोबा

आजोबा, तुमचं अक्षर आणि निरीक्षण दोन्ही सुरेख. "दोन्ही कुशींवर सारखेच" आणि "खाज नाही" हे तुम्ही लिहिलंत म्हणून माझं काम सोपं झालं. खाज असती, ती ओरबाडत असती, कातडी जाड होऊन कोंडा पडत असता, तर मी खरजेच्या किड्यांचं नाव घेतलं असतं. ते एवढे छळतात की प्राण्याला झटके आल्यासारखं होतं. केसांचं गोल टक्कल आणि खपली असती तर नायटा म्हटलं असतं, आणि तो माणसांना, विशेषतः मुलांना लागतो म्हणून हात धुवायला बजावलं असतं.

मिरीचं वर्णन अंडाशयातल्या गाठींशी जुळतं. वय झालेल्या माद्यांत या फार आढळतात. पाण्याने भरलेल्या पुटकुळ्या वाढत जातात, संप्रेरकं बिघडतात आणि कुशींवरचे केस गळतात. सोनोग्राफीत दिसतात. वय, वजन आणि हृदय बघून डॉक्टर इंजेक्शनं किंवा शस्त्रक्रिया सुचवतील. नुसतं वय म्हणून सोडून देऊ नका. मोठ्या गाठी पोटात दाटतात आणि तिला दुखतंही. ते ती सांगणार नाही. फक्त हळूहळू कमी हिंडेल.

एक विनंती. तिच्या मागच्या पायांचे तळवे पालथे करून बघा. वयाने आणि वजनाने तिथे लालसर, टणक सूज येते आणि फुटली तर हाडापर्यंत जाते. तारेच्या जाळीवर तर ती हमखास येते. खाली मऊ कापडाची घडी असू द्या आणि कापड रोज कोरडं असू द्या. पुढच्या पायाला चार आणि मागच्याला तीन नखं असतात. ती वळून आत जायला लागली असतील तर डॉक्टरांकडूनच एकदा कापून घ्या, आणि कुठवर कापायचं ते बघून ठेवा. नखात रक्तवाहिनी असते.

थोडक्यात उत्तरं

*पिंजरा केवढा?* दोघांसाठी कमीत कमी १२० बाय ६० सेंटीमीटर, जास्त दिलात तर फारच छान. मजले नकोत, सपाट जागा हवी. त्यांना धावायचं असतं, चढायचं नसतं. लपायच्या जागेला दोन दारं असू द्या म्हणजे एक जण दुसऱ्याला कोंडत नाही.

*फिरतं चाक घ्यावं का?* नाही. पारदर्शक चेंडूही नाही. उंदराची पाठ लवते, गिनीपिगची तशी लवत नाही. मणका दुखावतो.

*अंघोळ?* सहसा गरज नसते. लांब केसांच्या प्राण्याचा मागचा भाग कात्रीने आखूड ठेवा, बस.

*लाकडाचा भुसा?* सुगंधी लाकडाचा, विशेषतः देवदाराचा, नको. त्या वासाच्या तेलांनी श्वास आणि यकृत दोन्हींना त्रास होतो.

*पालक रोज?* नको. आठवड्यातून एखादं पान. त्यात ऑक्झलेट भरपूर असतं आणि या प्राण्यांना मूतखडे लवकर होतात. लघवी सुकल्यावर पांढरट डाग उरणं ठीक. पण रेती हाताला लागली किंवा लघवी करताना तो कण्हला तर दाखवा. कांदा, लसूण, बटाटा, अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट कधीच नाही.

*उन्हाळा?* १८ ते २४ अंश त्याला मानवतात. २७-२८ च्या पुढे धोका सुरू होतो, कारण त्याला घाम येत नाही. पसरून पडला, धापा टाकायला लागला, लाळ गळली तर ओल्या गार फडक्याने कान आणि पाय पुसा आणि निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

मावशी, मी सहावीत आहे. माझ्याकडे जायफळ आणि बडीशेप असे दोन गिनीपिग आहेत. माझे तीन प्रश्न आहेत. १) जायफळ मध्येच जागच्या जागी उडी मारून वळतो, त्याला झटका येतो का? २) ते वेगवेगळे आवाज काढतात त्यांचा अर्थ काय? ३) बडीशेप स्वतःची शी खाते! मी आईला अजून सांगितलेलं नाही.

आईला सांग, काही हरकत नाही. ती शी वेगळी असते. गवत पहिल्यांदा पोटातून जातं तेव्हा त्यातलं सगळं सत्त्व निघत नाही. म्हणून त्यातल्या मऊ लेंड्या गिनीपिग थेट तोंडाने उचलून पुन्हा खातो आणि जंतूंनी बनवलेली जीवनसत्त्वं मिळवतो. बडीशेप खाली वाकून अंगाचा गोळा करते आणि मग चघळत वर बघते ना? तेच ते. तिला थांबवू नकोस, ती थांबली तर आजारी पडेल.

जायफळला झटका येत नाही, त्याला आनंद होतो. चारही पाय एकदम उचलून हवेतच दिशा बदलतो, लाहीसारखा. स्वच्छ गवत घातल्यावर बघ, हमखास करेल. लहान वयात जास्त करतात.

आवाजांचं सांगते. पिशवी खुळखुळली की जी उंच, लांब शिट्टी येते, ती मुख्यतः तुझ्यासाठी असते, "लवकर आण" म्हणून. बारीक चुकचुक चालू असेल तर दोघं एकमेकांना "मी इथे आहे, तू?" असं विचारत असतात. जायफळ मागचा भाग हलवत खोल आवाजात घुमत चालला तर तो रुबाब करतोय. आणि दात कडकड वाजले तर मध्ये हात घालू नकोस, तो राग आहे. मोठा आवाज ऐकून दोघं एकदम दगडासारखे थिजतात, तेव्हा तूही गप्प बस. त्यांना वाटतं कुणीतरी धोका ओळखलाय. तू शांत राहिलीस की आधी एक जण कान हलवेल, मग गवताची काडी हलेल.

जायफळ आणि बडीशेप ही जोडी नर-मादी आहे का, ते मात्र आईला घेऊन डॉक्टरांना नक्की विचार. मधलं त्या नवख्या कुटुंबाचं पत्र आईला वाचून दाखव म्हणजे ती लगेच निघेल. आणि एक वही घे. पहिल्या पानावर दोघांची नावं, खाली रविवारची तारीख आणि ग्रॅम. चार रविवारांचे आकडे मला पाठव, मी वाट बघते आहे.